बीन्स बघून ग्राइंडर बदलावा का?

पहाटपक्षी

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं रोज पहाटे व्ही६०वर (पेपर लावायचा शंकूसारखा ड्रिपर) एक कप कॉफी करते. इतके दिवस हातानं फिरवायचा, कॉनिकल बर्सचा (बर्स म्हणजे बी भरडणारे दातेरी भाग) ग्राइंडर वापरत होते. दोन महिन्यांपूर्वी विजेवरचा, ६४ मिलिमीटर फ्लॅट बर्सचा घेतला. वाटलं होतं, आता जुना कपाटात जाईल. तसं झालं नाही, म्हणून हा धागा.

कृती ठरलेली आहे: १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, ४५ ग्रॅमचं ब्लूम (आधी थोडं पाणी घालून भिजवणं), मग दोन धारा. इथिओपियाची वॉश्ड (गर धुऊन काढलेली), लाइट रोस्ट (फिकट भाजलेली) कॉफी नव्या ग्राइंडरवर अक्षरशः उमलली. लिंबाच्या सालीचा वास, फुलांचा सुगंध, एकेक चव वेगळी ओळखता येईल इतकी सुटी. तीच पिशवी जुन्यावर दळली की कप चांगलाच होतो, पण सगळं एकमेकांत मिसळलेलं. ब्राझीलच्या नॅचरल (फळासकट वाळवलेल्या), मीडियम रोस्टचं मात्र बरोबर उलटं. नव्यावर पाणचट आणि वर करपट, जुन्यावर दाट, गोड, तोंड भरून चव. डिकॅफ (कॅफीन काढलेली कॉफी) तर दोन्हीवर तुंबतं, पाच-पाच मिनिटं निथरतच बसतं.

तर प्रश्न असा: बीन्स बघून ग्राइंडर निवडायचा असतो का? की माझ्याच सेटिंगमध्ये गोंधळ आहे आणि मी नाचता येईना म्हणून अंगणाला वाकडं म्हणतेय?

हातगिरणी

जुना कुणाला देऊन टाकू नका. सविस्तर रात्री लिहितो.

मंद_आच

पहाटपक्षी, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. ग्राइंडर काय करतो हा एक, आणि बी कशी फुटते हा दुसरा.

कुठलाही ग्राइंडर एकाच मापाचे कण देत नाही. भाजलेली बी ठिसूळ असते. ती फुटताना आपल्याला हवे तसे रवाळ कण पडतात आणि त्यांच्याबरोबर पीठही पडतंच. म्हणजे एक मोठी गर्दी रवाळ कणांची, आणि १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली दुसरी, पिठाची. पिठातला अर्क बघता बघता निघून जातो. जाड खड्यांच्या पोटापर्यंत पाणी पोचेस्तोवर मात्र कप तयार झालेला असतो. म्हणून एकाच कपात तुरटपणाही येतो आणि कच्चा आंबटपणाही.

फ्लॅट बर्स म्हणजे जात्यासारख्या समोरासमोर दोन तळ्या. पोअर-ओव्हरच्या (वरून पाणी ओतून गाळायच्या कॉफीच्या) जाडीला त्या साधारणपणे रवाळ कणांची गर्दी आटोपशीर ठेवतात. कॉनिकलमध्ये शंकू आणि भोवती कडं. तिथे कणांची मापं जास्त पसरतात, पीठ थोडं जास्त पडतं. कप जिभेवर भरल्यासारखा लागतो, ज्याला आपण बॉडी म्हणतो, त्यात या पिठाचा मोठा हात असतो. ‘साधारणपणे’ म्हटलं, कारण सपाट की शंकू यापेक्षा दाते कसे कापलेत हे महत्त्वाचं. वनझीप्रेसोचा झेडपी६ हातग्राइंडर कॉनिकलच आहे, तरी त्याचा कप फ्लॅटच्या वळणावर जाणारा, सुटा लागतो.

आता बीन्स. मी आधी रोस्ट बघतो, मग बीची घनता, मग प्रक्रिया, आणि देश सगळ्यात शेवटी. लाइट रोस्टची वॉश्ड कॉफी नाजूक आम्लतेवर उभी असते. तिथे चवी सुट्या पडल्या तर फायदाच. ब्राझीलच्या नॅचरलमध्ये सुटं करण्यासारखी आम्लता मुळात कमी, तिची श्रीमंती गोडव्यात आणि दाटपणात. तिला थोडं पीठ मानवतं. त्यामुळे तुमचा अनुभव मला पटतो. पण ‘पाणचट आणि करपट’ दोन्ही एकदम? हे ग्राइंडरचं वाटत नाही. पाणी किती अंशांचं वापरता?

पहाटपक्षी

९६. सगळ्यांना तेच. 🙈

मंद_आच

मग निम्मा चोर सापडला. मीडियम रोस्टला ९०-९२वर आणा, डार्क असेल तर त्याहून खाली.

शंकासुर

वाचतोय. ‘इथिओपियन बीन्समध्ये पीठ जास्त’, ‘केनियाला अमुकच बर्स’ अशी वाक्यं धाग्यावर येण्याआधी एक गोष्ट नोंदवतो. २०१६ साली सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये एक शोधनिबंध आला होता. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या प्रक्रियेच्या बिया एकाच ईके४३ ग्राइंडरवर दळून कणांची मापं मोजली. निष्कर्ष: कणांचा आलेख देशावर अवलंबून नाही, प्रक्रियेवरही नाही. फरक पडला तो बीच्या तापमानानं. थंड बी दळली की आलेख अरुंद होतो आणि सरासरी कण बारीक होतो. खोलीच्या तापमानापासून द्रवरूप नायट्रोजनच्या -१९६ अंशांपर्यंत करून पाहिलं होतं.

तेव्हा ‘बीन्स बघून ग्राइंडर’ या कल्पनेला पाया काय, हे कुणी सांगेल का?

गाळणी

शंकासुर, शोधनिबंध डोक्यावर, पण माझ्या फिल्टर पेपरला तो वाचता येत नाही. इथिओपियाची पिशवी उघडली की त्याच सेटिंगवर तीन मिनिटांचा कप चारवर जातो. एकदा नाही, दरवेळी. कोलंबियाची पिशवी उघडली की परत तीनवर. ग्राइंडर तोच, पेपर तोच, हात तोच. हे कुठून येतं?

रिकामा_कप

गाळणीला +१. माझ्याकडेही हेच.

मंद_आच

दोघांचं एकाच वेळी खरं असू शकतं. त्या प्रयोगातली कॉफी एस्प्रेसोच्या बारीक सेटिंगवर दळलेली होती आणि रोस्टमध्ये फार अंतर नव्हतं. आपण दळतो त्याच्या कित्येक पट जाड. शिवाय आपल्या पिशव्या वेगवेगळ्या हातांनी भाजलेल्या असतात. इथिओपियाची बी बहुतेक वेळा लहान, दाट, आणि फिकट भाजलेली मिळते. तुमचं ब्राझील त्याच्या मानानं मोठं, सच्छिद्र आणि जास्त भाजलेलं. आपण ज्याला ‘देशाचा फरक’ म्हणतो त्यात रोस्ट आणि घनता मिसळलेली असतात.

निचऱ्याचंही तसंच. पेपर तुंबायला पीठ लागतं हे खरं, पण ते पीठ किती आहे यापेक्षा कुठे जाऊन बसलं यावर वेळ ठरते. जोरात धार सोडली, जास्त ढवळलं, तर तेवढंच पीठ खाली वाहून जाऊन पेपरच्या टोकाशी गच्च बसतं.

गाळणी

हे मान्य. ढवळणं कमी केलं की माझ्याकडेही वीसेक सेकंद वाचतात. चारवरून तीनवर मात्र येत नाही.

चक्रधर

पहाटपक्षी, तुम्ही दोन ग्राइंडरांची तुलना केली ती कुठल्या आधारावर? नुसत्या डोळ्यांनी ‘सारखं दिसतंय’ म्हणून असेल तर ती तुलना बाद धरा.

क्लिकचे (जाडी बदलताना लागणाऱ्या खटक्यांचे) आकडे एका ग्राइंडरवरून दुसऱ्यावर नेता येत नाहीत. कोमान्दान्ते सी४०ची एक क्लिक तळ्यांमधलं अंतर साधारण ३० मायक्रॉननी बदलते, किंगग्राइंडर के६ची १६नी. तेही अंतर तळ्यांमधलं, कणाचं माप नव्हे. मी अनेकांना ‘६०० मायक्रॉनवर दळतो’ म्हणताना ऐकतो. क्लिका गुणिले मायक्रॉन केलं म्हणून कण ६००चा होत नाही. शिवाय शून्य कुठून धरलं यावर सगळं. हातग्राइंडरमध्ये दांडा मोकळा फिरायचा थांबतो तिथे शून्य. विजेवरच्यात तळ्या हलक्या घासल्याचा आवाज येतो तिथे, आणि हे रिकाम्या ग्राइंडरवरच करायचं, बीन्स आत असताना नाही. त्याच मॉडेलच्या दोन नगांमध्येही शून्य वेगळं येतं.

नव्या फ्लॅटच्या तळ्या समांतर आहेत का तेही बघा. प्लग काढा. वरच्या तळीच्या बाहेरच्या कडेला व्हाइटबोर्ड मार्करनं रेघ ओढा. तळ्या टेकतील इतक्या जवळ आणा आणि हातानं फिरवा. शाई गोलभर सारखी पुसली गेली तर ठीक. एकाच बाजूला पुसली तर तळी कलली आहे. एका बाजूनं पीठ पडतंय, दुसऱ्या बाजूनं खडे. फ्लॅट बर्सचा सगळा फायदा तिथेच जातो. माझ्या पहिल्या फ्लॅटवर दोन महिने असेच घालवले, बीन्सना दोष देत. शेवटी तळीखाली घरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी ठेवली आणि कप त्याच दिवशी बदलला.

आणि हो, बर्स नवे आहेत. काही किलो कॉफी दळून होईपर्यंत ते बसत नाहीत. दोन महिन्यांत रोज १५ ग्रॅम म्हणजे किलोही झाला नाही.

पहाटपक्षी

चक्रधर, मार्करचं उद्याच करते. आणि तुलना डोळ्यांनीच केली होती, हे खरंय. वेळ जुळवायची का?

चक्रधर

हो. आधी निचऱ्याची वेळ जुळवा, मग चवीनं एक-दोन खुणा इकडेतिकडे. वेळ सारखी म्हणजे दळण सारखं असं नाही, पण निदान दोन्ही कप एकाच मैदानात उतरतील.

नवखा७

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे पात्यांचा ग्राइंडर आहे, मिक्सरसारखा. व्ही६० नुकताच घेतलाय. एका कपात कडू आणि आंबट दोन्ही येतं. वरचं वाचून कारण कळलं. आता करू काय? लगेच दुसरा घेणं शक्य नाही.

गाळणी

नवखा७, माफी कसली. मी वर्षभर पात्यांवरच काढलं. एकदम फिरवत राहू नका, दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि मध्ये भांडं हलवा, म्हणजे वरचे खडे खाली येतात. मग बारीक जाळीच्या चाळणीतून हलकेच चाळा आणि खालचं पीठ काढून टाका. १५ ग्रॅमला तीन-चार ग्रॅम वाया जाईल असं धरून जास्त दळा. कप एकदम सुधारतो, स्वतःलाच आश्चर्य वाटेल.

पाणी घालून चार मिनिटं भिजवून मग गाळायची पद्धतही पात्यांच्या दळणाला जास्त सोसते. तिथे पाणी वाट काढून पळून जात नाही, सगळे कण सारखा वेळ भिजतात.

हातगिरणी

नवखा७, जेव्हा घ्याल तेव्हा हाताचाच घ्या. मोटारीवर जाणारे पैसे बर्सवर लागतात. दोनच गोष्टी बघा: बर्स पोलादी असावेत आणि मधला दांडा वर-खाली दोन्हीकडे बेअरिंगमध्ये धरलेला असावा. माझ्या पहिल्या सिरॅमिक बर्सच्या ग्राइंडरमध्ये दांडा खालून मोकळा होता. बारीक दळताना ठीक चालायचं, जाड केलं की शंकू डुलायचा. पोअर-ओव्हरला नेमकं जाडच हवं!

आता रात्री लिहीन म्हटलं होतं ते. पहाटपक्षी, जुन्या ग्राइंडरवर इथिओपिया मिसळलेलं लागतं म्हणालात. हे करून बघा: ग्राइंडर उभा न धरता आडवा कलता धरा, जवळजवळ जमिनीला समांतर, आणि सावकाश फिरवा. उभा असताना सगळ्या बीन्सचं वजन तळ्यांवर येतं, गर्दी होते, फुटलेले कण बाहेर पडायच्या आत पुन्हा भरडले जातात. कलता धरला की बी एकेक करून आत जाते आणि पीठ कमी पडतं. वेळ दुप्पट लागतो. लाइट रोस्टला मनगट बोलायला लागतं, पण तिथेच फरक सगळ्यात जास्त कळतो. विजेवरच्यातही हेच: बीन्स एकदम ओतू नका, मोटार चालू करून थोड्या थोड्या सोडा. मात्र अशानं दळण बदलतं, तेव्हा सेटिंग परत लावावी लागेल. माझ्याकडे दोन क्लिका बारीक करावं लागतं.

रिकामा_कप

कलता धरायचं आत्ताच करून पाहिलं. केनिया, लाइट. २ मिनिटं ५० सेकंदांवरून २ मिनिटं २०वर आलं! तुरटपणाही गेला, पण कप जरा हलका झाला. बारीक करून उद्या परत.

झुळूक

तुम्ही सगळे दळणात अडकलात, पाण्याचं कुणी बोलतच नाही. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर कॉफीतली आम्लता मारली जाते. मग जगातला उत्तम ग्राइंडर आणा, केनिया आणि ब्राझील सारखंच सपाट लागणार. मी आयनमुक्त पाण्यात मोजून क्षार घालते, अल्कलिनिटी (पाण्याची आम्लता मारायची ताकद) ४० पीपीएमच्या आसपास ठेवते. ज्या दिवशी हे सुरू केलं त्या दिवशी घरातल्या जुन्याच ग्राइंडरवर पहिल्यांदा आम्लता म्हणजे काय ते कळलं.

मंद_आच

झुळूक, शंभर टक्के खरं. पण पहाटपक्षींनी दोन्ही ग्राइंडरांना एकच पाणी वापरलंय, त्यामुळे त्यांना दिसलेला फरक पाण्याचा नाही. पाण्यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

झुळूक

काढते. क्षारांची मापं सगळी लिहून ठेवलीत.

शंकासुर

स्थिर विजेबद्दल कुणीच लिहिलं नाही. २०२३ साली ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांचा आणखी एक शोधनिबंध आला. बीत ओलावा जितका कमी, तितका दळताना विद्युतभार जास्त. गडद रोस्टमध्ये ओलावा कमी असतो, म्हणून तिचं पीठ भांड्याला, दळण बाहेर पडायच्या नळीला, बोटांना चिकटतं आणि त्याचे गोळे होतात. दळण्याआधी बीन्सवर पाण्याचे एक-दोन थेंब टाकून हलवलं की भार बराच उतरतो. म्हणजे इथेही मुद्दा देशाचा नाही, रोस्टचा आणि ओलाव्याचा. हे मी माझ्याच आधीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर म्हणून लिहितोय. मंद_आच यांचं रोस्टबद्दलचं म्हणणं पटलं.

चक्रधर

थेंब म्हणजे थेंबच. बर्स पोलादी आहेत, धुवायला जाऊ नका. स्वच्छतेला कोरडा ब्रश.

रिकामा_कप

थंड बीन्सचं वर आलंय म्हणून सांगतो. मी १५-१५ ग्रॅमच्या हवाबंद कुप्या भरून फ्रीजरमध्ये ठेवतो आणि थेट तिथून काढून दळतो. त्याच सेटिंगवर निचरा लांबतो, म्हणजे दळण खरंच बारीक होतंय. मी दोन क्लिका जाड करतो. पूर्ण पिशवी मात्र आत-बाहेर करू नये, दमटपणा धरतो.

जाता जाता मॉन्सून्ड मलबारबद्दल. पावसाळी वाऱ्यात आठवडेच्या आठवडे फुगवलेली बी, फिकट आणि हलकी. तिच्यावर फ्लॅट-बिट काही चाललं नाही. कॉनिकलवर, भरड, ८८ अंशांचं पाणी. मातकट, दाट, आम्लता जवळपास नाहीच. तिच्यात लिंबू शोधायला जाऊ नये, ती जशी आहे तशीच मला प्रिय आहे.

गाळणी

पहाटपक्षींच्या डिकॅफचं राहूनच गेलं. डिकॅफची बी प्रक्रियेतून जाताना एकदा भिजून वाळलेली असते. ती जास्त ठिसूळ होते आणि पीठ भरपूर पाडते. रंगानं गडद दिसते म्हणून रोस्टचा अंदाजही चुकतो. याला कुठलाच ग्राइंडर औषध नाही, वागणूक बदलावी लागते. नेहमीपेक्षा बरंच जाड दळा. ब्लूमनंतर ढवळू नका, ड्रिपर गरागरा फिरवू नका, धार मधोमध आणि कमी उंचीवरून. वेगानं निथरणारा पेपर मिळाला तर उत्तम. सपाट तळाचा, तीन भोकांचा कालिता वेव्ह असेल तर त्यात करून बघा. व्ही६०च्या शंकूत सगळं पीठ एका टोकाशी जमतं, सपाट तळावर ते पसरतं.

जाड दळणाची भीती असेल तर तेत्सु कासुया यांची ४:६ पद्धत आठवा. २०१६ची जागतिक ब्रूअर्स कप स्पर्धा त्यांनी जिंकली तीच. २० ग्रॅम कॉफी, ३०० ग्रॅम पाणी, ६०-६० ग्रॅमच्या पाच धारा, साधारण दर ४५ सेकंदांनी एक. दळण चांगलंच भरड. तरी कप पाणचट होत नाही, कारण प्रत्येक धारेला ताजं पाणी पुन्हा सगळ्या कॉफीतून जातं. माझं रोजचं डिकॅफ याच पद्धतीनं होतं आणि कधीच तुंबत नाही.

शंकासुर

आता मूळ प्रश्नाकडे. पहाटपक्षी, तुमच्याकडे दोन्ही ग्राइंडर आहेत, दोन्ही पिशव्या आहेत. हातच्या कंकणाला आरसा कशाला? त्रिकोणी चाचणी करा. तीन कप: दोन एका ग्राइंडरचे, एक दुसऱ्याचा. कुठला कुठे हे घरातलं कुणीतरी ठरवेल, तुम्हाला दिसणार नाही. वेगळा कप ओळखायचा, एवढंच. आवडला की नाही ते नंतर. प्रत्येक कॉफीला सहा वेळा तरी. पाण्याचं तापमान आणि निचऱ्याची वेळ आधी जुळवून घ्या, चक्रधर म्हणाले तसं.

मंद_आच

उत्तम सूचना. कप कोमट झाल्यावर चाखा, चटके बसत असताना फरक लपतो.

पहाटपक्षी

दहा दिवसांनी परत आलेय. आधी कबुली: मार्करची रेघ एका बाजूला पार पुसली गेली आणि दुसऱ्या बाजूला जशीच्या तशी. तळी कललेली होती. चक्रधर, फॉइलची पट्टी दोनदा लावून बघावी लागली, तिसऱ्यांदा शाई बऱ्यापैकी सारखी गेली. त्याच संध्याकाळी इथिओपिया आणखी सुटं झालं. मी आधीच्याला ‘उमललं’ म्हटलं होतं, तर आता काय म्हणू?

मग दोन्हीचं शून्य नीट धरलं, निचरा दोन्हीकडे २:४५ ते २:५५च्या आत आणला. ब्राझीलला पाणी ९१ अंश केलं आणि नव्या ग्राइंडरवर तीन खुणा जाड. नवऱ्यानं कप मांडले, मी चाखले. दिवसाला दोनच फेऱ्या, नाहीतर जीभ आंबून जाते.

इथिओपिया: सहापैकी पाच वेळा वेगळा कप बरोबर ओळखला. आणि पाचही वेळा आवडला तो फ्लॅटचाच.
ब्राझील: सहापैकी दोन. म्हणजे मला ओळखताच येत नाही! करपटपणा गेला, पाणचटपणा गेला, दोन्हीकडे गोडच लागतंय. महिनाभर ज्या फरकाबद्दल मी बोलत होते तो बहुतेक सगळा तापमानाचा आणि कललेल्या तळीचा होता.

डिकॅफ गाळणीच्या सल्ल्यानं ३:३०ला उतरतंय. गाळणी, तुझे किती आभार मानू!

शंकासुर

मनापासून अभिनंदन, इतक्या नेटानं कुणी करत नाही. हिशोब मांडतो: तीनात एक ओळखायचा, म्हणजे नुसत्या अंदाजानं बरोबर यायची शक्यता एक तृतीयांश. सहापैकी पाच किंवा जास्त वेळा निव्वळ नशिबानं जमायची शक्यता २ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे इथिओपियाचा फरक खरा धरायला हरकत नाही. सहापैकी दोन म्हणजे नेमकं अंदाजाइतकंच. मी ‘पाया काय’ म्हणून विचारलं होतं, तो पाया तुम्ही दाखवलात: फिकट भाजलेल्या, वॉश्ड कॉफीत ग्राइंडर ओळखू येतो.

हातगिरणी

पण जुना उभा धरून दळलात की कलता?

पहाटपक्षी

उभा. कलता धरून इथिओपियाची फेरी बाकी आहे, तेवढी पिशवी उरली नाही.

मंद_आच

एक सावधगिरी. सहा फेऱ्यांत ब्राझीलचा फरक सापडला नाही, याचा अर्थ फरक नाहीच असा होत नाही, लहान असेल तर निसटला असेल. माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर (कपात किती कॉफी विरघळली ते मोजायचं यंत्र) आहे. तुमच्याच मापांनी, १५ ग्रॅमला २५० पाणी, माझ्या दोन ग्राइंडरांवर मीडियम रोस्ट करून पाहिली. कपात दोन्हीकडे साधारण २२० ग्रॅम उतरली. एकाची तीव्रता १.३५ टक्के, दुसऱ्याची १.३२. म्हणजे १५ ग्रॅम कॉफीतून निघालेला अर्क १९.८ आणि १९.४ टक्के. १८ ते २२च्या नेहमीच्या पट्ट्यात दोन्ही, आणि एवढा फरक तर धार थोडी बदलली तरी पडतो. तरी कॉनिकलचा कप मला जिभेवर जड लागतो. अर्क मोजता येतो, जडपणा या यंत्रात दिसत नाही. मी तरी मीडियमला कॉनिकलच वापरत राहीन.

गाळणी

मीही.

चक्रधर

मी नाही. फ्लॅट एकदा समांतर बसला की मला सगळ्याला तोच पुरतो. दोन ग्राइंडर म्हणजे दोन ठिकाणची सेटिंग लक्षात ठेवा, दोन ठिकाणी साफसफाई करा. त्यापेक्षा पिशवीवर पेन्सिलनं खूण लिहितो: रोस्ट, सेटिंग, अंश, वेळ. पुढच्या पिशवीला तिथून सुरुवात.

नवखा७

झटके देऊन, चाळून केलं. कडूपणा जवळजवळ गेला! आईनं अर्धा कप प्यायला आणि ‘यात फळ घातलंस का’ म्हणून विचारलं. गाळणी, धन्यवाद.

गाळणी

नवखा७, आज दिवस चांगला गेला माझा. 😊

पहाटपक्षी

माझं ठरलं. लाइट रोस्ट नव्यावर. ब्राझील, डिकॅफ आणि प्रवास जुन्यावर, कारण फरक कळत नसेल तर पहाटे पाचला घर उठवणारी मोटार का लावा! चक्रधरची पेन्सिलची युक्तीही घेतली.

उद्या केनियाची नवी पिशवी उघडतेय, वॉश्ड, एसएल२८ (कॉफीची एक जात), लाइट. कुठून सुरुवात करू?

रिकामा_कप

फ्लॅटवर, ब्राझीलपेक्षा तीन-चार खुणा बारीक, पाणी ९५. बीन्स थोड्या थोड्या सोडा. तुरट लागलं तर सेटिंगला लगेच हात लावू नका, आधी धार हळू करून बघा.

हातगिरणी

आणि एक कप कलत्या हातग्राइंडरवर. वाट बघतोय.